‘प्रोरोग’ म्हणजे नेमके काय? : तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन यांतील फरक

पश्चिम बंगालचे तत्कालीन राज्यपाल जगदीप धनखड यांनी १२ फेब्रुवारी २०२२ रोजी समाजमाध्यमावर एक आदेश प्रसिद्ध केला. राज्यघटनेच्या कलम १७४ अन्वये आपण राज्याची विधानसभा त्या दिवसापासून ‘प्रोरोग’ करीत आहोत, एवढाच त्याचा आशय होता. राज्यपाल आणि राज्य सरकार यांच्यातील वाद तेव्हा ऐन भरात होता. त्यामुळे राज्यपालांनी विधानसभेलाच टाळे ठोकले, असा समज देशभर पसरला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनीही या कृतीवर जाहीर टीका केली. वस्तुस्थिती निराळी होती. अधिवेशन संपवण्याची शिफारस राज्य सरकारनेच केली होती आणि राज्यपालांनी तिच्यावर मोहोर उमटवली होती. धनखड यांना तसा खुलासा करावा लागला. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ अनेकांना नेमका ठाऊक नसल्याने एक नेहमीची शासकीय कृती दिवसभर घटनात्मक संकट म्हणून गाजली.

हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांतही क्वचितच आढळतो. मात्र तो जेव्हा मथळ्यात येतो, तेव्हा बहुधा कोणत्या तरी देशात सरकार आणि विधिमंडळ यांच्यात मोठा झगडा पेटलेला असतो. म्हणूनच त्याचा अर्थ, त्याची व्युत्पत्ती आणि त्याचा वापर समजून घेणे केवळ शब्दकोशापुरते मर्यादित राहत नाही.

तीन शब्द, तीन अधिकारी

विधिमंडळाचे काम थांबण्याचे तीन प्रकार आहेत. त्यांची सरमिसळ वारंवार होते.

पहिला प्रकार तहकुबीचा. सभागृहाची बैठक काही मिनिटांसाठी, दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा बेमुदत तहकूब होते. हा अधिकार सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे लोकसभा-विधानसभेत अध्यक्षांचा आणि राज्यसभा-विधान परिषदेत सभापतींचा. बैठक तहकूब झाली तरी सत्र चालूच असते. बेमुदत तहकुबीनंतरही लोकसभेचे अध्यक्ष नियमानुसार सदस्यांना पुन्हा पाचारण करू शकतात. त्यासाठी राष्ट्रपतींच्या नव्या आदेशाची गरज नसते.

दुसरा प्रकार ‘प्रोरोग’चा. यात एक संपूर्ण सत्र औपचारिकरीत्या संपते. केंद्रात कलम ८५ नुसार हा अधिकार राष्ट्रपतींचा आणि राज्यात कलम १७४ नुसार राज्यपालांचा आहे. दोघेही तो सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. सभागृह अस्तित्वात असते, सदस्य सदस्यच राहतात. पण नवे सत्र बोलावल्याखेरीज त्यांना सभागृहात एकत्र बसता येत नाही.

तिसरा प्रकार विसर्जनाचा. यात सभागृहाचे आयुष्यच संपते आणि नवी निवडणूक घ्यावी लागते. लोकसभा व विधानसभा विसर्जित होतात. राज्यसभा आणि विधान परिषद ही स्थायी सभागृहे असल्याने त्यांचे विसर्जन कधीच होत नाही. सत्रसमाप्ती मात्र त्यांचीही होते.

थोडक्यात, तहकुबी सभागृहाच्या हाती असते, सत्रसमाप्ती व्यवहारात सरकारच्या हाती असते आणि विसर्जनानंतर निर्णय मतदाराच्या हाती जातो. ‘प्रोरोग’ या शब्दाचे सारे राजकारण या मधल्या पायरीवर घडते. ज्या मंत्रिमंडळाला सभागृहाने जाब विचारायचा, त्याच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सभागृहाचे सत्र संपते.

मराठी पर्याय कोणता?

भारतीय संविधानाच्या मराठी पाठात यासाठी ‘सत्रसमाप्ती’ हा शब्द योजलेला आहे. हिंदीत ‘सत्रावसान’ म्हणतात. आपल्या विधिमंडळाच्या बातम्यांत मात्र ‘अधिवेशन संस्थगित झाले’ ही शब्दयोजना अधिक रुळली आहे. तिची एक अडचण अशी की, ‘स्थगित’ आणि ‘संस्थगित’ यांत एका उपसर्गाचाच फरक आहे. हिंदीत ‘स्थगित’ हा शब्द तहकुबीसाठी वापरतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते. ‘सत्रसमाप्ती’ हा पर्याय त्यामानाने स्वच्छ आहे. काय संपले हे त्या शब्दातच सांगितलेले आहे : सत्र संपले, सभागृह नव्हे. ‘बरखास्त’ हा शब्द या ठिकाणी योजणे चूक होय. तो विसर्जनाशी जोडलेला आहे.

मुळात अर्थ उलटा

‘प्रोरोग’ची जननी लॅटिन भाषा आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणे. रोममध्ये एखादा कायदा करायचा असला की अधिकारी लोकसभेपुढे तो मांडून ‘तुमची संमती आहे काय’ असे विचारीत. एखाद्या सेनापतीची मुदत संपत आली आणि मोहीम अर्धवट असली, तर त्याची मुदत वाढवण्यासाठीही अशीच विचारणा होई. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये क्विंटस पब्लिलिअस फिलो हा कॉन्सल नेपल्सच्या परिसरात वेढा घालून बसला असताना त्याचे सेनापतिपद अशा रीतीने वाढवण्यात आले. रोमच्या इतिहासातील हे या प्रथेचे पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

म्हणजे मूळ अर्थ ‘लोकांना विचारून मुदत वाढवणे’ असा होता. फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हाही तो मुदत वाढवणे या अर्थाने वापरला जाई. वाढवण्यावरून ‘लांबणीवर टाकणे’ हा अर्थ आला. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकात तो याच अर्थाने येतो. संसदेची पुढील बैठक लांबणीवर टाकायची तर चालू सत्र संपवावे लागते. त्यातून ‘सत्र संपवणे’ हा आजचा अर्थ स्थिरावला. मुदतवाढीसाठी जन्मलेला शब्द अशा प्रकारे खंड पाडण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि त्यातली ‘लोकांना विचारण्याची’ कल्पना पुरती पुसली गेली.

‘रोगारे’ या धातूचे कुटुंब मोठे आहे. चौकशी करणे या अर्थाचा ‘इंटरॉगेट’, कायदा रद्द करणे या अर्थाचा ‘अ‍ॅब्रोगेट’, दुसऱ्याच्या जागी नेमलेला या अर्थाचा ‘सरोगेट’ आणि उद्धट या अर्थाचा ‘अ‍ॅरोगंट’ हे सारे त्याचेच सगेसोयरे. यांपैकी ‘प्रिरॉगेटिव्ह’ या शब्दाचे नाते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. रोममध्ये मतदानात ज्या गटाला सर्वांत आधी विचारले जाई, त्याच्यासाठी हा शब्द होता. पुढे तो राजाच्या खास अधिकाराचा वाचक झाला. इंग्लंडमध्ये संसद ‘प्रोरोग’ करणे हा राजाचा ‘प्रिरॉगेटिव्ह’ आहे.

राजाच्या हातातील लगाम

इंग्लंडच्या राजांनी हा लगाम मनसोक्त वापरला. पैसा हवा असला की संसद बोलवायची आणि ती तक्रारी मांडू लागली की सत्र संपवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. दुसऱ्या चार्ल्सने नोव्हेंबर १६७५ मध्ये संपवलेले सत्र पुन्हा भरले ते थेट फेब्रुवारी १६७७ मध्ये, म्हणजे सुमारे १५ महिन्यांनी. वर्षातून एकदा संसद भरलीच पाहिजे, असे जुने कायदे सांगतात. तेव्हा वर्षापेक्षा दीर्घ सत्रसमाप्ती म्हणजे आपोआप विसर्जनच होय, असा युक्तिवाद शाफ्ट्सबरीचा अर्ल आणि त्याच्या काही सहकारी उमरावांनी केला. सत्रसमाप्ती आणि विसर्जन या दोन शब्दांवरून घातलेला हा वाद त्यांना महागात पडला. त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या कोठडीत झाली.

याच राजाने पुढे १६७९ मध्ये आपल्या भावाला गादीपासून दूर ठेवण्याचे विधेयक संसदेत पुढे सरकताच सत्र संपवले. नंतर निवडून आलेल्या नव्या संसदेलाही त्याने वारंवार सत्रसमाप्तीचे आदेश काढून ऑक्टोबर १६८० पर्यंत कामाला बसू दिले नाही. पुढे १६८८ ची राज्यक्रांती झाली. संसद ठरावीक काळाने भरलीच पाहिजे हे कायद्याने पक्के झाले आणि संसदेच्या संमतीविना कर व खडे सैन्य यांवर बंदी आली. तेव्हा या हत्याराची धार बोथट झाली. वर्षाकाठी काही दिवसांचा एक समारंभ, एवढेच त्याचे रूप उरले. उमरावांच्या सभागृहात राजाचे प्रतिनिधी जमतात, मंजूर विधेयकांना जुन्या नॉर्मन फ्रेंच भाषेतील शब्दांत राजसंमती जाहीर होते आणि सत्र संपते.

पाच आठवडे आणि अकरा न्यायाधीश

हा समारंभ २०१९ मध्ये एकाएकी रणांगण झाला. ब्रिटन ३१ ऑक्टोबरला युरोपीय संघातून बाहेर पडणार होता. कराराविना बाहेर पडावे की नाही, यावरून संसद आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे सरकार यांच्यात जुंपली होती. अशा वेळी जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणी एलिझाबेथ यांनी २८ ऑगस्ट रोजी सत्रसमाप्तीचा आदेश दिला. १० सप्टेंबरच्या पहाटे सत्र संपले. पुढील सत्र १४ ऑक्टोबरला भरणार होते. नव्या सत्राच्या तयारीसाठी सामान्यतः चार ते सहा दिवस पुरतात. येथे पाच आठवडे घेतले गेले होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. लेडी हेल यांच्या अध्यक्षतेखालील ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबर रोजी एकमताने निकाल दिला. संसदेला तिचे घटनात्मक काम करण्यापासून सबळ कारणाविना रोखणारी सत्रसमाप्ती बेकायदा होय, हे त्याचे सूत्र. राणीचे प्रतिनिधी जो आदेश घेऊन सभागृहात आले, तो कायद्याच्या दृष्टीने कोरा कागद होता, असे न्यायालयाने म्हटले. परिणामी सत्र संपलेच नव्हते असे ठरले. संसद दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरली आणि कामकाजाच्या नोंदीत सत्रसमाप्तीच्या जागी ‘तहकूब’ हा शब्द घालण्यात आला. एका शब्दाच्या जागी दुसरा येणे, हेच त्या खटल्याचे फलित होते.

फरक किती मोठा, हे या निकालाने सोप्या शब्दांत मांडले. सुट्टीच्या काळात संसदेच्या समित्या बसू शकतात, खासदार लेखी प्रश्न विचारू शकतात. सत्रसमाप्तीनंतर यातले काहीच चालत नाही आणि जी विधेयके पुढील सत्रात नेण्याची खास तजवीज झालेली नसते, ती मरतात.

कॅनडा आणि श्रीलंका

कॅनडात हा शब्द घरोघरी पोहोचला तो २००८ मध्ये. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या अल्पमतातील सरकारविरुद्ध विरोधी पक्ष एकत्र आले. ८ डिसेंबरच्या मतदानात सरकार पडणार हे दिसत होते. ४ डिसेंबरला हार्पर यांनी गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांची भेट घेऊन सत्रसमाप्ती मिळवली. २६ जानेवारी २००९ रोजी संसद पुन्हा भरेपर्यंत विरोधकांची आघाडी विरून गेली होती. हार्पर पुढे २०१५ पर्यंत पंतप्रधानपदी राहिले. जस्टिन ट्रूडो यांनीही ६ जानेवारी २०२५ रोजी राजीनाम्याचा मनोदय जाहीर करताना २४ मार्चपर्यंत सत्रसमाप्ती करवून घेतली. त्याआधीच, २३ मार्चला, नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या सल्ल्याने संसद विसर्जित झाली. ती संसद पुन्हा भरलीच नाही.

आपल्या शेजारी श्रीलंकेत अध्यक्ष मैत्रीपाल सिरीसेना यांनी २६ ऑक्टोबर २०१८ रोजी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना हटवून महिंदा राजपक्षे यांना नेमले आणि दुसऱ्याच दिवशी संसदेचे सत्र संपवले. बहुमत कोणाचे, हे मोजण्याची जागाच बंद झाली. पाठोपाठ त्यांनी संसद विसर्जित केली. पण सर्वोच्च न्यायालयाने आधी त्या आदेशाला स्थगिती दिली आणि १३ डिसेंबर रोजी तो घटनाबाह्य ठरवला. विक्रमसिंघे पुन्हा पंतप्रधान झाले.

भारतात : अध्यादेशाची किल्ली

आपल्या राज्यघटनेने ब्रिटिश पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. कलम १०७ आणि कलम १९६ नुसार सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयके रद्द होत नाहीत. समित्यांचे कामही चालू राहते. सदस्यांनी दिलेल्या प्रलंबित सूचना मात्र, विधेयक मांडण्याच्या सूचना वगळता, निकालात निघतात आणि नव्याने द्याव्या लागतात. दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांहून अधिक खंड पडता कामा नये, हेही घटनेने घालून दिले आहे. त्यामुळे पंधरा महिन्यांची सत्रसमाप्ती येथे संभवत नाही.

तरीही भारतात या शब्दाला एक वेगळेच महत्त्व आले, ते अध्यादेशामुळे. दोन्ही सभागृहांचे सत्र चालू असेल तर अध्यादेश काढता येत नाही. महाराष्ट्रासारख्या द्विसदनी राज्यालाही हाच नियम लागू आहे. याचाच दुसरा अर्थ असा की, एका सभागृहाचे सत्र संपवले की अध्यादेशाचे दार उघडते. भूसंपादन कायद्यातील दुरुस्तीचा अध्यादेश २०१५ मध्ये संपुष्टात येऊ लागला, तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशन मध्यंतरात होते. केंद्र सरकारच्या सल्ल्यावरून २८ मार्चला फक्त राज्यसभेची सत्रसमाप्ती झाली आणि ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा निघाला.

या किल्लीचा वापर कधी अडलेला गाडा सोडवण्यासाठीही झाला आहे. पंजाबात मार्च १९६८ मध्ये अध्यक्षांनी गोंधळानंतर विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब केली. आर्थिक वर्ष संपत आले होते आणि अर्थसंकल्प मंजूर व्हायचा होता. राज्यपालांनी ११ मार्चला सत्र संपवले, आर्थिक कामकाजाच्या वेळी अशी तहकुबी होऊ नये यासाठी अध्यादेश काढला आणि १८ मार्चला विधानसभा पुन्हा बोलावली. सर्वोच्च न्यायालयाने ही कृती वैध ठरवली.

पुण्यातून उघडकीस आलेला प्रकार

गैरवापराचे सर्वांत गाजलेले उदाहरण बिहारचे आहे आणि ते उजेडात आणण्याचे श्रेय पुण्याला जाते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांना बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. सत्र संपले की जुने अध्यादेश त्याच शब्दांत पुन्हा काढले जात होते. १९६७ ते १९८१ या काळातील २५६ अध्यादेश अशा रीतीने एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले होते. ऊसखरेदीविषयीचा एक अध्यादेश तर जवळजवळ चौदा वर्षे चालला. घटनेनुसार सभागृह पुन्हा भरल्यानंतर सहा आठवड्यांत अध्यादेशाचे आयुष्य संपते. बिहारमध्ये सत्र संपण्याच्या सुमारास सर्व खात्यांना पत्र जाई : अध्यादेश बाद होणार आहेत, तेव्हा ते पुन्हा काढण्याची व्यवस्था करा.

वाधवा यांनी १९८३ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी हा प्रकार म्हणजे राज्यघटनेची फसवणूक असल्याचे म्हटले. वाधवा यांच्या परिश्रमांची दखल घेऊन त्यांना १० हजार रुपये खर्चापोटी देण्याचा आदेशही झाला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने, पुन्हा बिहारच्याच एका प्रकरणात, हेच तत्त्व अधिक ठामपणे मांडले.

सत्र न संपवण्याचे राजकारण

अलीकडे गंगा उलटी वाहू लागली आहे. काही राज्य सरकारे सत्र संपवण्याऐवजी ते मुद्दाम चालू ठेवतात. कारण उघड आहे. सत्र संपले तर नव्या सत्रासाठी राज्यपालांकडे जावे लागते. राजस्थानात २०२० मध्ये विधानसभा बोलावण्याचा मंत्रिमंडळाचा प्रस्ताव राज्यपालांनी परत पाठवल्याने मोठा पेच निर्माण झाला होता. सत्र केवळ तहकूब असेल तर अध्यक्षच बैठक बोलावू शकतात.

पंजाबात नेमके हेच घडले. मार्च २०२३ मधील अर्थसंकल्पी सत्र बेमुदत तहकूब झाले, पण त्याची सत्रसमाप्ती झाली नव्हती. अध्यक्षांनी १९ व २० जूनला पुन्हा बैठक घेतली आणि विधेयके संमत झाली. ही बैठकच बेकायदा असल्याचे सांगून राज्यपालांनी संमती अडवली. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी बैठक वैध ठरवली. त्याचबरोबर, सत्र कायमचे लोंबकळत ठेवणेही योग्य नाही, असे सरकारलाही सुनावले.

शब्द वापरताना

इंग्रजीत हे क्रियापद दोन्ही प्रकारे चालते : राजा संसद ‘प्रोरोग’ करतो आणि संसद ‘प्रोरोग’ होते. उच्चारात भर दुसऱ्या अक्षरावर असतो आणि शेवटी ‘ग’ ऐकू येतो. नाम ‘प्रोरोगेशन’ असे होते. हा शब्द कायदेमंडळापुरताच ठेवावा. कंपनीची सभा किंवा न्यायालयाची सुनावणी ‘प्रोरोग’ होत नाही, ती तहकूब होते. मराठी मजकुरात ‘सत्रसमाप्ती’ किंवा ‘अधिवेशन संस्थगित’ लिहिणे इष्ट. भारताच्या संदर्भात ‘राज्यपालांनी विधानसभा बंद केली’ अशी वाक्ये टाळावीत. ‘मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून राज्यपालांनी सत्रसमाप्ती केली’ असे लिहिले की आदेश कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हे दोन्ही वाचकाला कळते.

अशी बातमी पुढे वाचनात आली, तर वाचकाने चार प्रश्न विचारावेत. सल्ला कोणाचा होता? पुढील सत्र केव्हा आहे? त्या काळात कोणता विश्वासदर्शक ठराव, चौकशी किंवा चर्चा टळली? आणि सत्र संपताच कोणता अध्यादेश निघाला? या चारही प्रश्नांची उत्तरे साधी असतील, तर तो नित्याचा उपचार समजावा. एकाचेही उत्तर सरकार देत नसेल, तर विधिमंडळाला गप्प करण्यासाठी या जुन्या शब्दाचा उपयोग होतो आहे काय, हे तपासणे नागरिकाचे काम ठरते.